माझ्या वतीने

जपानी लोकांच्या सहलीतून इटली बघितलेल्या मराठी बायका जगात फार नसतील. आम्ही दोघी आहोत, मी आणि माझी मैत्रीण. म्हणजे तेव्हा मैत्रीण होती. रोममधला गाइड इटालियनमध्ये बोलायचा, टोकियोहून आमच्याबरोबर आलेली टूरवाली मुलगी त्याचं जपानी करायची, ते आमच्या एका कानात अडकवलेल्या यंत्रातून ऐकू यायचं आणि मैत्रीण त्याचं मराठी करून माझ्या मोकळ्या कानात सांगायची. दोन हजार वर्षांपूर्वीचा सम्राट माझ्यापर्यंत पोचेपर्यंत चांगलाच झिजलेला असायचा. गाइड बराच वेळ हातवारे करून काहीतरी रंगवून सांगे, जपानी बायका माना डोलावत, आणि माझ्या वाट्याला यायचं, ‘‘काही नाही गं, इथे जुना बाजार होता.’’

मी तिला आधीच म्हटलं होतं की इंग्रजी टूर घेऊ. इंग्रजी मला चांगलं येतं, जपानला येण्याआधी मी ठाण्यात बँकेत नोकरी करत होते. पण ती म्हणाली, ‘‘अगं, जपानी टूरमध्ये सगळं कसं आखीवरेखीव असतं. बाथरूमला कुठे थांबायचं तेसुद्धा छापून देतात. आणि भाषेचं काय, मी आहे ना.’’

‘मी आहे ना’ हे तिचं वाक्य मी टोकियोतल्या निशी-कसाईला राहायला आले त्या आठवड्यापासून ऐकत होते. नवऱ्याला त्याच्या कंपनीने टोकियोला पाठवलं, मी नोकरी सोडून मागोमाग आले. ही खालच्या मजल्यावर राहायची. पुण्यात जपानी शिकलेली, इथे येऊन आणखी पक्की झालेली. फोनवर जपानी बोलताना तिचा आवाज एकदम वरच्या पट्टीत जायचा आणि समोर कोणी नसताना ती वाकून नमस्कार करायची. प्लास्टिकचा कचरा कुठल्या वारी, काचेचा कुठल्या वारी, वॉर्ड ऑफिसात काय सांगायचं, मुलीच्या तापाला डॉक्टर काय म्हणाले, सगळं तिच्या तोंडून. नवरा दिवसभर ऑफिसात इंग्रजीत बोलतो, त्याचं जपानी माझ्याहून दिव्य. मुलगी जपानी फाडफाड बोलते, पण आईबरोबर कुठे जायचं म्हटलं की तिला अभ्यास आठवतो. तेव्हा खालची मैत्रीण हीच माझी वाचा होती, आणि मला त्यात कमीपणा वाटायचा नाही. उलट आपलं नशीब चांगलं असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे.

कोणाशी ओळख करून देताना ती माझ्याकडे हात करून हसत एक वाक्य म्हणायची. त्यात ‘सेवा’ हा शब्द असायचा. ‘सेवा गा याकेरु’ असं काहीतरी. जपानीत ‘सेवा’ म्हणजे काळजी घेणं, हे मला तिनेच सांगितलं होतं, आणि आपल्या ‘सेवे’च्या इतकं जवळ असलेला शब्द ऐकून मला भारीच आनंद झाला होता. मी घरी नवऱ्याला म्हटलं होतं, बघ, आपलीच भाषा आहे. पुढचं ‘याकेरु’ मी कधी विचारलं नाही. ती माझी सेवा करते असंच काहीसं असणार, असं धरून मी प्रत्येक वेळी समोरच्याला वाकून नमस्कार करत असे. समोरची माणसंही हसायची. मीही हसायचे.

आता वड्यांचं सांगते, कारण सगळं तिथूनच बिघडलं. टोकियोत अळू मिळायची मारामार. मी गॅलरीत कुंडीत शिसो लावला होता. शिसो म्हणजे तुळशीच्या नात्यातलं वाटेल असं, करवती कडांचं, वासाचं जपानी पान. त्याला अळूसारखा विस्तार नाही, म्हणून पानं एकावर एक अर्धी चढवत मांडायची, बेसन लावायचं, गुंडाळायचं, उकडायचं, कापून तळायचं. चिंचेऐवजी मी उमेबोशी कुस्करून घालते, म्हणजे इथलं खारवलेलं आंबटढाण फळ. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. बेसन सुटून तेलात पसरणाऱ्या कितीतरी वड्या घरच्यांना खायला घालून मी ते बसवलं होतं. आमच्याकडच्या गणपतीला एका हॉलमध्ये सगळे मराठी लोक जमतात. तिथे शेजारच्या कोतो वॉर्डातल्या एका सामुदायिक केंद्राच्या बाई आल्या होत्या. त्यांनी वड्या खाल्ल्या आणि करणारीला भेटायचंय म्हणाल्या. त्यांना केंद्रात शाकाहारी भारतीय स्वयंपाकाचा वर्ग सुरू करायचा होता.

आम्ही दोघी सायकलवरून गेलो. अर्थात मैत्रीण बोलली आणि मी बसले. केंद्राच्या बाई माझ्याकडे बघून दोनतीनदा ‘झेही, झेही’ म्हणाल्या. मी विचारलं तेव्हा ती बाहेर सायकलचं कुलूप काढत म्हणाली, ‘‘झेही म्हणजे ‘अवश्य’. पण ते तोंडदेखलं असतं गं. जपानी माणूस तोंडावर ‘नाही’ कधी म्हणत नाही. त्यांना जपानी येणारी बाई हवीय.’’ जपानी माणूस ‘नाही’ म्हणत नाही, हे इथे आलेल्या प्रत्येक भारतीयाला पहिल्या महिन्यात कोणीतरी सांगतंच. मलाही सांगितलेलं होतं. त्यामुळे मी लगेच विश्वास ठेवला. वाईट मात्र फार वाटलं. नोकरी सोडल्यापासून पहिल्यांदा मला माझ्या हाताच्या कामासाठी कोणीतरी बोलावलं होतं. नवऱ्याने उत्साहाने भारतातून भलंमोठं मोदकपात्र मागवलं होतं, वर्गाला लागेल म्हणून. ते फ्रिजवर जाऊन बसलं आणि आजतागायत तिथेच आहे.

त्यानंतर लवकरच मैत्रिणीला बुधवारी सकाळी कुठलासा ‘बाइतो’ मिळाला. बाइतो म्हणजे थोड्या तासांची नोकरी. इंग्रजी संभाषण शिकवते म्हणाली. आणि मंगळवारी संध्याकाळी तिचे फोन यायला लागले. उमेबोशीचं बी काढून घेतेस ना? पानाची गुळगुळीत बाजू वर की खाली? उकडायला पाणी किती? मला वाटायचं, हिला माझ्या हाताची चव आवडलीय. मी हौसेने, पाल्हाळ लावून सांगायचे.

तर अशा आम्ही रोममध्ये. सहलीत कोतोच्या सातआठ बायका होत्या, सगळ्या साठीच्या पुढच्या, मैत्रिणीच्या बुधवारच्या बाइतोतल्या. सहल त्यांनीच ठरवली होती, मैत्रिणीला त्यांनी आग्रहाने बोलावलं होतं. तिला खोलीत जोडीदार हवी होती, म्हणून मी. त्या तिला ‘सेन्सेई’ म्हणत होत्या, म्हणजे गुरुजी. मला त्यात वावगं वाटलं नाही, इंग्रजीची का होईना, गुरूच ती.

पण इटलीत एक गंमत झाली. वेटर, दुकानदार, संग्रहालयातले पहारेकरी इंग्रजी बोलत होते आणि ते माझ्याशी बोलत होते. पहिल्यांदाच ती माझ्या शेजारी गप्प उभी राहिली. तिलाही इंग्रजी येतं, पण अडखळत. एका उपाहारगृहात मी सगळ्या जपानी बायकांना कोणाला चीज नको, कोणाला काय नको ते विचारून ऑर्डर दिली, माझ्या मोडक्या जपानीत आणि बोटांनी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मैत्रीण म्हणाली, ‘‘तू जरा जास्तच पुढे पुढे करतेयस. त्यांना आवडत नाही असं.’’ मी ओशाळून तिची माफी मागितली. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

रोमनंतर आम्ही सिएना गावी गेलो. तिथला मोठा चौक सपाट नाही. परात एका बाजूने उचलून धरावी तसा तो उतरता आहे, आणि लोक त्या विटांवर खुशाल बसतात, झोपतातसुद्धा. चौकाच्या खालच्या टोकाला उंच मनोरा आहे. बाकीच्या मंडळींबरोबर मैत्रीण मनोरा चढायला गेली. मी आणि एक बाई गुडघ्यांमुळे खाली राहिलो. त्या कोतोत शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त झालेल्या. मुलांना शिकवायची सवय असल्यामुळे त्या सावकाश, सुटे सुटे शब्द बोलायच्या, आणि मला आश्चर्य वाटलं की मला बरंच कळतंय. मधे दुभाषी नसली की मला जपानी कळतं, हे मला सिएनात जाऊन समजलं.

बोलायला विषय हवा म्हणून मी त्यांना विचारलं की ‘सेवा गा याकेरु’ म्हणजे नक्की काय. त्याच सकाळी बसमध्ये मैत्रीण माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाली होती आणि मी सवयीने मान लववली होती. बाईंनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाल्या, ‘‘ज्या माणसाकडे सारखं बघावं लागतं... ज्याचा त्रास होतो... पण मायेने म्हणतात. मुलांना म्हणतात.’’

मी म्हटलं, मी मूल नाही.

त्यांना ते लागलं असावं. सारवासारव करायला त्या घाईने म्हणाल्या की सेन्सेईंना तुमची फार काळजी आहे. स्वयंपाकाच्या वर्गाला आधी तुम्ही येणार होता ना, पण तुमच्या यजमानांचा विरोध. ‘गोशुजिन’ म्हणजे यजमान, ‘हानताइ’ म्हणजे विरोध, हे शब्द मला येत होते. म्हणून मग सेन्सेईंनी अडचण ओळखून स्वतः वर्ग घेतला. किती छान शिकवतात. शिसोच्या वड्या तर काय. त्यांच्या पुण्याच्या आजींची कृती आहे ना ती.

पुण्यात शिसो. मला आधी हसू आलं. पुण्याच्या आजीबाई शिसोच्या पानाला उमेबोशी लावतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि मी त्या उतरत्या विटांवर बसून खरंच हसले. मग मंगळवारचे फोन आठवले, पानाची गुळगुळीत बाजू आठवली, फ्रिजवरचं मोदकपात्र आठवलं, आणि मी डोकं गुडघ्यात घातलं. तिने केसाने गळा कापला होता. माझा हक्काचा होकार तिने माझ्या वतीने नाकारला होता, आणि वर माझ्या साध्याभोळ्या नवऱ्याला जुलमी करून टाकलं होतं. बाईंना वाटलं मला ऊन लागलं. त्यांनी त्यांच्या थर्मासमधला गार बार्लीचा चहा मला पाजला. मनोऱ्यावरून मैत्रीण हात हलवत होती.

भांडण फ्लोरेन्सला झालं, तेही एका चित्रांच्या दालनात. टोकियोत आम्हा दोघींना एक सवय लागली होती, गाडीत कोणाबद्दलही मराठीत बिनधास्त बोलायचं, कारण कोणाला कळत नाही. ती सवय इथे कामी आली. हळू आवाजात, चेहरा हसरा ठेवून आम्ही एकमेकींना फाडून खाल्लं, आणि भोवतालच्या जपानी बायकांना वाटलं की आम्ही रंगसंगतीवर चर्चा करतोय. समोर मरियमेला निरोप द्यायला आलेल्या देवदूताचं चित्र होतं. त्याने तरी निरोप जसाच्या तसा दिला असावा.

मी म्हटलं, ‘‘झेही म्हणजे झेहीच होतं ना?’’

ती जराशीही दचकली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘कोणी सांगितलं?’’

‘‘ते सोड. होतं की नाही?’’

‘‘होतं. पण तुला झेपलं नसतं. एवढ्या बायका, सगळे प्रश्न जपानीत. शेवटी मीच शेजारी उभी राहून बोलले असते. इतकी वर्षं तेच करतेय. तुझ्या मुलीचा ताप, तुझा कचरा, तुझा गॅसवाला. मला माझं काही नको का?’’

‘‘मग तुझं काहीतरी करायचं होतंस. माझं का घेतलंस?’’

ती पुढच्या चित्रापाशी सरकली, मी मागोमाग गेले.

‘‘आणि माझ्या नवऱ्याला कशाला मधे ओढलंस?’’

‘‘नवरा नको म्हणतो, हे इथे लगेच पटतं. पुढे कोणी विचारत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्या भल्याचंच होतं. तुझं तोंड वाचवलं मी.’’

माझं तोंडच तर तिने घेतलं होतं. हे मला तिथल्या तिथे सुचलं नाही, रात्री अंथरुणात सुचलं, तेव्हा ती शेजारच्या पलंगावर शांत घोरत होती. पण खरं सांगते, राग होता तरी मला अजून वाटत होतं की ही सुधारेल. इतक्या वर्षांचं माणूस असं एका झटक्यात टाकता येत नाही. तिने त्या बायकांना एकदा खरं सांगावं, बास. वर्ग तिलाच लखलाभ.

ती संधी व्हेनिसमध्ये चालून आली. जपानी सहलीच्या शेवटच्या जेवणाला प्रत्येकाने उभं राहून दोन शब्द बोलायचे असतात. पाण्याकाठच्या एका जुन्या उपाहारगृहात आम्ही लांबलचक टेबलाशी बसलो होतो. एकेक बाई उठून, वाकून, बोलून बसत होती. माझी पाळी आली तशी मैत्रीण नेहमीप्रमाणे माझ्याबरोबर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘तू मराठीत बोल, मी सांगते. मी आहे ना.’’

मी तिच्याकडे बघितलं आणि ठरवलं. सगळ्यांकडे बघून हसले आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा बोलले, ‘‘तुम्ही वर्गात खाता त्या शिसोच्या वड्या माझ्या आहेत. पुण्यात शिसो उगवत नाही. माझ्या नवऱ्याने कधी विरोध केला नाही. मला तुमच्याकडे यायचं होतं, आणि ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही.’’ मग तिच्याकडे वळून म्हटलं, ‘‘आता सांग. आहे तसं सांग. मी तुझ्यावर रागावणार नाही.’’

तिने सगळ्या टेबलावरून एकदा नजर फिरवली. मला वाटलं, सांगेल. मग तिचा आवाज वरच्या पट्टीत गेला. मला त्यातलं ‘सुंदर शहरं’ कळलं, ‘तुम्हा सगळ्यांमुळे’ कळलं, ‘जन्मभर विसरणार नाही’ कळलं. शिसो त्यात कुठेच नव्हता. बायकांनी टाळ्या वाजवल्या, एकीने तर डोळे टिपले. मैत्रिणीने माझ्या पाठीवर हात ठेवून मला खाली बसवलं. मी समोरचं आइस्क्रीम खाल्लं, कारण सगळे खात होते. तो पाठीवरचा हात मी कधी विसरायची नाही.

कोतोच्या शिक्षिका बाई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

परतीच्या विमानात मी आणि मैत्रीण शेजारी होतो. टोकियोच्या नारिता विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळ सगळे आपापल्या बॅगांची वाट बघत उभे होते, तेव्हा त्या बाई माझ्यापाशी आल्या. मैत्रीण पलीकडेच ट्रॉली धरून उभी होती. बाई त्यांच्या सुट्या सुट्या शब्दांत म्हणाल्या, ‘‘त्या दिवशी तुम्ही ‘शिसो’ म्हणालात. दोनदा. मी ऐकलं. सेन्सेईंच्या बोलण्यात शिसो नव्हता. तुम्ही काय म्हणालात?’’

मैत्रीण सवयीने पुढे आली. तोंड उघडलंच होतं तिने.

मी म्हटलं, ‘‘तू थांब.’’

आणि मी बोलले. आधी नवऱ्याचं. त्याचा विरोध नाही, कधीच नव्हता, एवढं मला जमलं. मग वड्यांचं. त्या वड्या करणारी मी आहे, हे वाक्य मी विमानात सबंध रात्र मनात जुळवत आणलं होतं. ‘‘शिसो नो वडी ओ त्सुकुत्ता वा वाताशी देस.’’ बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांना नीट कळलं नव्हतं. मी तेच पुन्हा म्हटलं, पुन्हा तसंच चुकलं. माझे कान गरम झाले.

शेजारून मैत्रिणीचा आवाज आला. अगदी हलका, वॉर्ड ऑफिसच्या खिडकीपाशी मला एखादा शब्द सुचवायची तसाच. ‘‘त्सुकुत्ता नो वा,’’ ती म्हणाली. ‘‘मधला ‘नो’ राहिला तुझा.’’

मी तिच्याकडे बघितलं नाही. मधे ‘नो’ घातला आणि वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.